पाण्याला गट क्रमांक नसतो : विकास योजनेवरील हरकत-सुनावणी सेवेचे परीक्षण

प्रारूप विकास योजनेवर, म्हणजे कोणत्या जमिनीचा पुढे काय वापर होणार हे ठरवणाऱ्या आराखड्याच्या मसुद्यावर, हरकत नोंदवणे आणि त्या हरकतीवर सुनावणी मिळणे ही शासनाने नागरिकाला देऊ केलेली सेवा आहे, असे मी मानते; म्हणून बँकेच्या किंवा टपाल खात्याच्या सेवेचे परीक्षण करावे तसेच तिचे येथे करते आहे. ही सेवा मी एकदा पूर्ण वापरली आणि दुसऱ्यांदा ती अजून चालू आहे. आमचे गाव एका महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाच्या हद्दीत येते. राज्यात अशी प्राधिकरणे एकाहून अधिक आहेत आणि आमचे नेमके कोणते, याने पुढे सांगणार आहे त्यात काही फरक पडत नाही. माझी एक गुंठाही जमीन आरक्षणात गेलेली नव्हती, माझी हरकत निव्वळ पाण्याबद्दल होती, हे आधीच सांगून टाकते. ज्याच्या शेतावरून रस्ता गेला आहे त्याला ही सेवा बऱ्यापैकी उपयोगी वाटेल. ज्याला विचारायचे आहे की एवढ्या घरांना पाणी कोठून येणार, त्याचा अनुभव वेगळा असेल.

सेवेची रचना महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन आणि नगररचना अधिनियम, १९६६ या कायद्यातून आलेली आहे. नियोजन करणाऱ्या यंत्रणेने प्रारूप नकाशा आणि अहवाल तयार करायचा, राजपत्रात आणि वृत्तपत्रांत सूचना द्यायची, नकाशा लोकांना पाहण्यासाठी खुला ठेवायचा, ठरलेल्या मुदतीत लेखी हरकती आणि सूचना घ्यायच्या, नियोजन समितीने हरकतदारांना ऐकून घ्यायचे आणि मग सुधारलेली योजना मंजुरीसाठी राज्य शासनाकडे पाठवायची, असा तो क्रम आहे. विकास योजनेत काय काय असावे हे सांगणाऱ्या कलम २२ मध्ये जमिनीचा वापर, रस्ते, शाळा, बागा यांच्याबरोबर पाणीपुरवठा, मलनिःसारण आणि सांडपाण्याची विल्हेवाट यांचाही स्पष्ट उल्लेख आहे. म्हणजे पाण्याची हरकत ही विषयांतर नव्हे. हे मुद्दाम लिहिते, कारण पुढच्या सगळ्या टप्प्यांवर मला विषयांतर करणारी बाई म्हणूनच वागवले गेले.

चांगल्या बाजूपासून सुरुवात करते. नकाशा पाहण्याची सोय खरोखर चांगली होती. कार्यालयाच्या तळमजल्यावरच्या सभागृहात भिंतीभर नकाशे लावलेले होते, संकेतस्थळावर भागवार फायली होत्या आणि भाग नकाशाची प्रत शुल्क भरून त्याच दिवशी हातात मिळत होती. पहिल्या आठवड्यात तेथे इतकी गर्दी होती की गावच्या जत्रेची आठवण यावी. एक गृहस्थ आपला वाचायचा चष्मा काढून तो भिंगासारखा नकाशावर धरून गट क्रमांक शोधत होते; त्यांच्या मुलाने मोबाइलवर तोच नकाशा मोठा करून दाखवला तरी त्यांचा विश्वास कागदावरच होता. पिवळा रंग म्हणजे निवासी, हिरवा म्हणजे शेती किंवा ना-विकास (जेथे वस्ती होऊ द्यायची नाही असा) विभाग, हे बहुतेकांना दुसऱ्या दिवसापर्यंत पाठ झाले. आमच्या गावाचा पूर्वेकडचा सगळा माळ पिवळा झालेला होता, आणि त्या पिवळ्यातून आमचा ओढा केसाएवढ्या निळ्या रेषेने गेला होता. ओढ्याच्या वरच्या अंगाला असलेला पाझर तलाव नकाशात होता. त्याच्या पाणलोटात मात्र अठरा मीटरचा रस्ता आणि दोन्ही बाजूंना वस्ती दाखवलेली होती. वस्ती झाल्यावर त्या तलावात पाणी कोठून येणार, याचे उत्तर नकाशात असणे शक्य नव्हते. ते अहवालात असावे म्हणून मी अहवाल मागितला.

अहवाल वाचनासाठी मिळाला, घरी नेण्यासाठी नाही. पाणीपुरवठ्याचे प्रकरण होते. त्यात विद्यमान योजनांची यादी होती, वीस वर्षांनंतरच्या लोकसंख्येचा अंदाज होता, त्यावरून काढलेली दैनिक मागणी होती, आणि ती मागणी परिसरातील धरणांतून टप्प्याटप्प्याने भागवण्यात येईल अशा अर्थाचे एक वाक्य होते. कोणत्या धरणातून, किती, कोणत्या वर्षापासून आणि आज ते पाणी कोण वापरत आहे, यांतले काहीही नव्हते. रस्त्यांच्या प्रकरणात प्रत्येक रस्त्याची रुंदी मीटरमध्ये दिलेली होती, तो अहवाल पाण्याच्या बाबतीत एवढा अलिप्त का झाला, याचे मला नवल वाटले.

मी तीस वर्षे शाळेत भूगोल आणि गणित शिकवले, त्यामुळे आकडेमोड करून पाहण्याची सवय सुटलेली नाही. ती येथे मांडते, कारण ती कोणालाही घरच्या घरी करता येते आणि हरकतीत तीच सर्वांत उपयोगी पडते. शहरी घरगुती वापरासाठी माणशी दिवसाला १३५ लिटर हे प्रमाण सर्वत्र धरले जाते. एक लाख वस्ती धरली तर दिवसाला १ कोटी ३५ लाख लिटर, म्हणजे वर्षाला सुमारे ४९३ कोटी लिटर. एक टीएमसी म्हणजे सुमारे २,८३२ कोटी लिटर. वितरणातील गळती पंधरा टक्के धरली, आणि आपल्या नळयोजना पाहता हे औदार्यच म्हणावे लागेल, तरी एक लाख माणसांना वर्षाला एक पंचमांश टीएमसी पाणी लागते. पाच लाख वस्तीमागे एक टीएमसी. हेच पाणी दहा हजार लिटरच्या टँकरने आणायचे ठरवले तर एक लाख वस्तीला रोज १,३५० टँकर लागतील. शिवाय पुरवलेल्या पाण्यातले साधारण ऐंशी टक्के सांडपाणी म्हणून परत येते, म्हणजे त्याच एका लाखामागे रोज एक कोटी आठ लाख लिटर सांडपाण्याची सोय हवी. ती नसली तर ते कोठे जाणार हे ओळखायला भूगोलाची शिक्षिका नको. ते केसाएवढ्या निळ्या रेषेतून जाणार.

हा हिशेब घेऊन मी हरकतीचा अर्ज भरायला बसले, आणि तेथे सेवेचा मूळ दोष समोर आला. अर्जात नाव, पत्ता, गाव, गट क्रमांक, क्षेत्र, प्रस्तावित वापर आणि मागणी, असे रकाने होते. ऑनलाइन अर्जात गट क्रमांकाचा रकाना भरल्याशिवाय पुढचे पान उघडत नव्हते. पाण्याला गट क्रमांक नसतो. मी कार्यालयात जाऊन विचारले, तेव्हा खिडकीवरच्या तरुण लिपिकाने अतिशय सौजन्याने सल्ला दिला, ‘मॅडम, तुमच्या घराचाच नंबर टाका, नाहीतर सिस्टिम घेणार नाही.’ मी तो टाकला. परिणामी माझी हरकत माझ्या घराच्या जागेसंबंधीची हरकत म्हणून नोंदली गेली, आणि ज्या जागेबद्दल मला काहीच तक्रार नव्हती तिच्या फायलीत ती जाऊन पडली. लिपिकाचा दोष नाही. अर्ज ज्याने आखला त्याच्या डोळ्यांपुढे हरकत घेणारा माणूस म्हणजे सातबाऱ्यावर नाव असलेला माणूस, एवढेच चित्र होते. भाडेकरू, शेतमजूर, ओढ्याच्या खालच्या अंगाला राहणारे दुसऱ्या गावचे लोक, कालव्याच्या शेपटाला असलेले बागाईतदार, यांच्यापैकी कोणाकडेही त्या रकान्यात लिहिण्याजोगे काही नाही, आणि शहर वाढले की पाण्याची झळ सर्वांत आधी त्यांनाच लागते.

मुदतीबद्दल एक निरीक्षण. आम्हाला हरकतीसाठी तीस दिवस मिळाले. मी दुसऱ्याच दिवशी माहितीच्या अधिकारात अर्ज केला आणि प्रस्तावित लोकसंख्येसाठी कोणत्या स्रोतातून किती पाणी मंजूर झाले आहे, त्या मंजुरीची प्रत मागितली. माहिती अधिकार कायद्यातही उत्तरासाठी तीस दिवसांची मर्यादा आहे. उत्तर मुदतीतच आले, त्याबद्दल तक्रार करता येणार नाही. पण तोपर्यंत हरकतींची खिडकी बंद झालेली होती. उत्तर एका ओळीचे होते : अशी मंजुरी अभिलेखावर उपलब्ध नाही. ही ओळ माझ्या हरकतीला जोडता आली असती तर तिचे वजन किती वाढले असते. नकाशासोबत पाण्याच्या मंजुरीची कागदपत्रे पहिल्याच दिवशी भिंतीवर लावली, तर ही अडचण कोणताही कायदा न बदलता दूर होईल.

पाण्याची हरकत हा अतिशंकित स्वभावाचा खेळ आहे असे ज्यांना वाटते त्यांनी पुण्याकडे पाहावे. २०२१ च्या जून महिन्याअखेर पुणे महापालिकेच्या हद्दीत २३ गावे आली. त्यानंतर लगेच शासनाने त्या गावांसाठी विशेष नियोजन प्राधिकरण म्हणून पुणे महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाची नेमणूक केली. बांधकामाची परवानगी एकाकडे आणि नळाला पाणी देण्याची जबाबदारी दुसऱ्याकडे, अशी ती विभागणी झाली. मुळात त्या शहराचे पाणी खडकवासला, पानशेत, वरसगाव आणि टेमघर या चार धरणांतून येते. चारही काठोकाठ भरली तर साठा २९.१५ टीएमसी. त्याच पाण्यावर दौंड आणि इंदापूर तालुक्यांची कालव्याची आवर्तने, म्हणजे शेतीसाठी पाळीपाळीने सोडले जाणारे पाणी, चालतात. शहराने एक टीएमसी जास्त उचलले की कोणाच्या तरी उन्हाळी आवर्तनातून ते वजा होते, हे दरवर्षी कालवा सल्लागार समितीच्या बैठकीच्या वेळी उघड होते. भामा आसखेड धरणाचे २.६७ टीएमसी पाणी शहराच्या पूर्व भागासाठी आणले गेले ते धरणग्रस्तांच्या विरोधातून वाट काढतच. शेजारच्या पिंपरी-चिंचवडमध्ये नोव्हेंबर २०१९ पासून एक दिवसाआड पाणी सुरू झाले. ठाण्याच्या घोडबंदर पट्ट्यात तर पाण्याच्या कारणावरून २०१७ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाला नव्या बांधकामांच्या प्रश्नात हात घालावा लागला. ज्या हरकतीला सुनावणीत तीन मिनिटे मिळत नाहीत ती पुढे न्यायालयात वर्षानुवर्षे चालते, आणि तोपर्यंत इमारती उभ्या राहून लोक राहायला आलेले असतात.

आणि मावळ विसरता येत नाही. पवना धरणातून पिंपरी-चिंचवडला बंद जलवाहिनीने पाणी नेण्याला तेथील शेतकऱ्यांचा विरोध होता. ९ ऑगस्ट २०११ रोजी मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर बऊर येथे आंदोलकांवर पोलिसांनी गोळीबार केला आणि त्यात तीन शेतकऱ्यांचा मृत्यू झाला. त्या वेळचे सरकार कोणाचे होते यावर वाद घालणारे आजही भेटतात. मला त्यात रस नाही. शहराच्या वाढीचा आराखडा एका टेबलावर, पाण्याचे वाटप दुसऱ्या टेबलावर आणि ज्यांच्या शिवारातून ते पाणी जाते ते लोक कोणत्याच टेबलावर नाहीत, अशी मांडणी केल्यावर प्रश्न रस्त्यावर येतो, एवढेच मला त्यातून दिसते.

आता गावाच्या हरकतीविषयी. आमच्या ग्रामपंचायतीने विशेष ग्रामसभा बोलावली. एकूण मतदारांच्या पंधरा टक्के किंवा शंभर, यांपैकी जी संख्या कमी असेल तेवढी उपस्थिती ग्रामसभेच्या गणपूर्तीला लागते, आणि एरवी ती जमवताना शिपायाला घरोघर फिरावे लागते. त्या दिवशी मारुतीच्या देवळासमोरचे पटांगण पुरले नाही. ठराव साधा होता : पाण्याचा स्रोत लेखी निश्चित झाल्याशिवाय पूर्वेकडचा माळ निवासी विभागात घेऊ नये, आणि पाझर तलावाचे पाणलोट क्षेत्र ना-विकास ठेवावे. महिलांनी त्यात आणखी एक ओळ घालायला लावली, की आज गावात जी नळयोजना आहे तिच्यावर नव्या वस्तीची जोडणी देऊ नये. ठराव सर्वानुमते झाला, सह्यांची पाने जोडली, सरपंचांनी स्वतः नेऊन दिला. त्याला एक आवक क्रमांक मिळाला. त्याच्या आधीचा आवक क्रमांक एका विकसकाच्या प्रतिनिधीचा होता, ज्याने आपल्या भूखंडापुढचा रस्ता रुंद करण्याची सूचना केली होती. या सेवेत संपूर्ण गावाची सभा आणि एका भूखंडाचा मालक यांचे मोजमाप एकच आहे : प्रत्येकी एक हरकत. ग्रामसभेला राज्यघटनेत स्थान आहे, पण विकास योजनेच्या हरकतींच्या नोंदवहीत तिला वेगळा रकानादेखील नाही.

सुनावणीची पत्रे वेळेवर आली, हे नोंदवले पाहिजे. दिवस, वेळ आणि टोकन क्रमांक पत्रातच होता. बसायला खुर्च्या, प्यायला पाणी, वयस्करांना आधी सोडण्याची माणुसकी, सगळे होते. माझ्या शेजारी बसलेल्या शेतकऱ्याची विहीर रस्त्यात गेली होती. त्यांनी सातबाऱ्याचा उतारा, विहिरीची नोंद, मोजणीचा नकाशा, विहिरीचा फोटो, असे सगळे प्लास्टिकच्या पिशवीत नीट घडी घालून आणले होते. मी त्यांना माझा विषय सांगितला तेव्हा ते म्हणाले, ‘बाई, तुमचा नंबरच नाही, तर तुम्हाला बोलावलं कसं?’ मी हसले, पण त्यांनी माझ्या हरकतीचे वर्गीकरण समितीच्या आधीच अचूक केले होते.

त्यांची सुनावणी दाराच्या फटीतून ऐकू येत होती आणि ती चांगली झाली. समितीच्या सदस्यांनी नकाशा उघडला, विहीर कोठे आहे ते विचारले, रस्त्याची आखणी किती मीटर सरकवता येईल यावर आपसांत बोलले. या माणसांना त्यांचे काम येते, याविषयी मला शंका उरली नाही. मग मी आत गेले. पहिला प्रश्न गट क्रमांकाचा. मी सांगितले की हरकत पाण्याबद्दल आहे, आणि आकडेमोडीचा कागद पुढे ठेवला. एका सदस्याने तो वाचला, खरोखर वाचला, मान डोलावली आणि म्हणाले की आकडे बरोबर आहेत, परंतु पाणी हा जलसंपदा विभागाचा विषय आहे, ही समिती जमिनीच्या वापरापुरती आहे. मी कलम २२ चा उल्लेख केला. त्यावर दुसरे सदस्य म्हणाले की योजनेत जलशुद्धीकरण केंद्रासाठी आणि पाण्याच्या टाक्यांसाठी जागा आरक्षित केलेल्या आहेत, म्हणजे पाणीपुरवठ्याची तरतूद झालेली आहे. टाकीची जागा म्हणजे पाणी, हे समीकरण मी तीस वर्षांत एकाही विद्यार्थ्याकडून ऐकले नव्हते. तीन मिनिटे झाली होती. मला नम्रपणे निरोप देण्यात आला.

दुसऱ्या दिवशी मी पाटबंधाऱ्यांच्या कार्यालयात गेले. तेथे सांगण्यात आले की पाण्याचे आरक्षण हे मागणी आल्यावर ठरते आणि मागणी मंजूर विकास योजनेच्या आधारे येते. म्हणजे योजना म्हणते पाणी धरणातून येईल, आणि धरण म्हणते आधी योजना येऊ द्या. दोन्ही कार्यालये आपापल्या जागी नियमाला धरून आहेत. मधल्या जागेत आमचे गाव आहे.

निकाल काही महिन्यांनी कळला. विहीरवाल्यांचा रस्ता सरकला; त्यांनी मला पेढे आणून दिले. माझी हरकत आणि ग्रामसभेचा ठराव या दोन्हींची गणना ‘सर्वसाधारण स्वरूपाच्या हरकती’ या एकाच गठ्ठ्यात झाली होती. त्या संपूर्ण गठ्ठ्यापुढे एकच शेरा होता : नोंद घेण्यात आली. कोणती नोंद, कोणत्या वहीत, आणि तिचे पुढे काय होणार, हे विचारण्याची सोय सेवेत नाही. हरकत फेटाळली असेल तर कारण लिहावे, एवढी साधी अपेक्षाही या गठ्ठ्याला लागू होत नाही, कारण ती फेटाळलेली नसते. तिची नोंद घेतलेली असते.

सेवा देणारा कोण, हाही परीक्षणाचा भाग असला पाहिजे. ७४ व्या घटनादुरुस्तीने, जी १ जून १९९३ पासून लागू झाली, नगरनियोजन आणि पाणीपुरवठा हे दोन्ही विषय बाराव्या अनुसूचीत नागरी स्थानिक संस्थांसाठी घातले. महानगर क्षेत्रासाठी महानगर नियोजन समिती असावी आणि तिचे किमान दोन तृतीयांश सदस्य नगरपालिकांच्या व पंचायतींच्या लोकप्रतिनिधींतून निवडलेले असावेत, असे घटना सांगते. प्रत्यक्षात महानगर प्रदेशांचे आराखडे जी प्राधिकरणे करतात ती राज्य शासनाची असतात. पुण्याच्या प्राधिकरणाचे अध्यक्षपद मुख्यमंत्र्यांकडे आहे. त्या प्राधिकरणाने ऑगस्ट २०२१ मध्ये जे प्रारूप प्रसिद्ध केले त्यावर साठ हजारांहून अधिक हरकती आल्या, महानगर नियोजन समितीला डावलल्याचा आक्षेप उच्च न्यायालयात गेला, आणि अखेर २०२५ मध्ये राज्य शासनाने ते प्रारूपच रद्द केले. साठ हजार माणसांनी सातबारे काढले, रांगा लावल्या, टोकन घेतले, आणि ज्या कागदावर ते बोलत होते तो कागदच राहिला नाही. रद्द होणे योग्य होते की अयोग्य, यावर मतभेद असू शकतात. पण त्या साठ हजार हरकतींत पाण्याविषयी, टेकड्यांविषयी, ओढ्यांविषयी लोकांनी जे सांगितले त्याचे संकलन नव्या आराखड्याच्या टेबलावर पहिल्या दिवशी ठेवले जायला हवे.

महापालिकांची स्थितीही त्या काळात वेगळी नव्हती. पुणे महापालिकेची मुदत मार्च २०२२ मध्ये संपली आणि त्यानंतर कारभार प्रशासकाकडे गेला. निवडणुकांसाठी मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाला आदेश द्यावे लागले. नगररचना कायद्याच्या कलम २८ नुसार नियोजन समितीत स्थायी समितीचे तीन सदस्य आणि त्यांच्या जोडीला शासनाने नेमलेले जास्तीत जास्त चार जाणकार असतात. स्थायी समितीच नसेल तर त्या तीन खुर्च्यांवर मतदारांनी पाठवलेले कोणी बसत नाही. नगरसेवकांवर मी भाळलेली नाही; त्यांच्यातले काही जण टँकरच्या धंद्यात कसे असतात हे सगळ्यांना माहीत आहे. तरीही नगरसेवकाला पाच वर्षांनी दारात यावे लागते आणि दारात रिकामी घागर ठेवता येते. बदली होऊन गेलेल्या अधिकाऱ्याच्या दारात ती ठेवता येत नाही.

मूल्यांकन द्यायचेच तर पाच गुणांपैकी असे देईन. नकाशा पाहण्याची सोय : चार. कर्मचाऱ्यांची वागणूक : साडेचार. अर्जाची आखणी : एक. मुदत : एक. सुनावणी, जमीनमालकासाठी : साडेतीन, इतरांसाठी : अर्धा, आणि तोही माझा कागद वाचणाऱ्या त्या सदस्यासाठी. निकालाची कारणमीमांसा : शून्य.

जे ही सेवा वापरणार आहेत त्यांना अनुभवातून काही सांगता येईल. ऑनलाइन अर्ज केला तरी कागदी प्रत खिडकीवर द्या आणि पोच घ्या, कारण सुनावणीच्या दिवशी यादीत नाव नसेल तर शिक्का मारलेली प्रतच कामाला येते. माहितीचा अधिकार वापरायचा असेल तर प्रारूप प्रसिद्ध होण्याची वाट पाहू नका; योजना तयार करण्याचा इरादा जाहीर होतो तेव्हाच पाण्याच्या मंजुरीची प्रत मागा. ग्रामसभेचा ठराव द्याच, पण त्यासोबत त्याच मजकुराच्या वैयक्तिक हरकतीही द्या, कारण येथे मोजणी नगावर होते. आणि पाण्याची हरकत पाण्याची म्हणून नोंदवू नका. हे शेवटचे मला उशिरा समजले.

शासनाने आमच्या योजनेला मंजुरी देताना काही भाग वगळला आणि त्यात सारभूत स्वरूपाचे बदल सुचवून पुन्हा महिनाभरासाठी हरकती मागवल्या. सुचवलेल्या बदलांत पाझर तलावाच्या खालचा एक पट्टा होता, जो आधी शेती विभागात होता आणि आता निवासी होणार आहे. मी तलाठी कार्यालयात जाऊन त्या पट्ट्यातले उतारे काढले. त्यांत गावाची जुनी सार्वजनिक विहीर निघाली, जिच्यावरून आमची पहिली नळयोजना झाली होती. तिला स्वतंत्र गट क्रमांक आहे, क्षेत्र चार गुंठे, आणि मालकाच्या जागी ग्रामपंचायतीचे नाव. या वेळी सरपंचांनी हरकतदार म्हणून सही केली आहे. गट क्रमांकाच्या रकान्यात विहिरीचा क्रमांक आहे आणि मागणीच्या रकान्यात तोच जुना हिशेब, एक लाखामागे एक पंचमांश टीएमसी. अर्ज एका फटक्यात स्वीकारला गेला. सुनावणीचे पत्र परवा आले, टोकन क्रमांक सतरा, आणि विषयाच्या ओळीत विहिरीचा गट क्रमांक ठळक अक्षरांत छापलेला आहे.